मंजुळाबाईची रात्र

मी देविदास. कुरुंद्याच्या फाट्यावर मोटारी भरायचं माझं दुकान हाय. मोटार भरणं म्हणजे जळालेल्या मोटारीतली काळी तार उपटून काढायची अन् नवी तांब्याची तार एकेक वेढा मोजून बसवायची. सत्तावीस वर्षं झाली. तारेचा वेढा माझा कधी चुकला न्हाई. पेनाचा मात्र एकदा चुकला, अन् त्यापायी मंजुळाबाईचं जे झालं ते मला सांगायचंय. मधी मधी माझं डोकं फिरंल, तेवढं सांभाळून घ्या.

मंजुळाबाईचे थोरले दीर व्यंकटराव, अन् नवरा गंगाधर धाकटा. बाप गेल्यावर दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. जमीन साखळीनं मोजून वाटता येती, भांडी वाटता येतात, बैलं बी वाटता येतात. विहीर कशी वाटायची? विहीर एक, मोटार एक, मीटर एक, अन् ते मीटर बी मेलेल्या बापाच्या नावावर. सिद्धेश्वरच्या धरणाचं पाणी आमच्या वरच्या शिवाराला चढत न्हाई, म्हणून सगळा जीव त्या विहिरीवर. अशा सामायिक विहिरीला आमच्याकडं पाळी लावतात. इतके वार तुझे, इतके वार माझे.

पण इथं वारावरून जमेना. त्या काळी शेतीची लाईन, म्हणजे वीज, हप्त्यात चार दिवस दिवसा यायची अन् तीन दिवस रात्री, आठ-आठ घंटे. महिना बदलला की त्याचं उलटं. व्यंकटराव म्हणले, "माझी कंबर गेलेली हाय. मी काय रात्री दारं धरायला जाणार न्हाई." दारं धरणं म्हणजे सरीसरीनं पाणी वळवत चिखलात उभं राहणं. गंगाधर बिचारा काडीनं माती उकरत बसला. तवा मी शहाणा मधी तोंड घालून बसलो.

म्हणलं, "गंगाधर, तू खुशाल रात्रीची लाईन घे. दिवसा साऱ्या शिवाराच्या मोटारी एकदम चालू होतात, होल्टेज पडतं, मोटार जळती. रात्री होल्टेज कसं बराबर राहतं. तुझं रान दीडपट भिजंल." त्याला पटलं. व्यंकटरावांना तर हेच पाहिजे होतं. माझं अक्षर चांगलं म्हणून स्टँपचा बॉण्ड लिहायला मलाच बसवलं. मी लिहिलं, दिवसाच्या लाईनीचं पाणी व्यंकटरावांचं, रात्रीच्या लाईनीचं पाणी गंगाधरचं, अन् हे पिढ्यान्पिढ्या चालावं. ते 'पिढ्यान्पिढ्या' मला कुणी सांगितलं होतं? कुणीच न्हाई! कागद भारदस्त दिसावा म्हणून मीच घातलं. दोघांच्या सह्या झाल्या, पंचांच्या झाल्या, खाली माझी झाली, अन् आमी चिवडा खाऊन घरी गेलो.

पुढं गंगाधर काविळीत गेला. लेक प्रियंका तवा शाळेत होती. तेरावा झाला अन् गावानं धरूनच चाललं की आता ही बाई रान दिराला बटईनं, निम्म्या वाट्यानं, देती. बाईमाणूस रात्री दारं धरती का कुठं? मंजुळाबाईंनी काय करावं? नवऱ्याचे गमबूट काढले, पाय लहान म्हणून पुढं चिंध्या कोंबल्या, अन् लाईन यायच्या टायमाला विहिरीवर जाऊन उभ्या राहिल्या. एका हातात बॅटरी, एका हातात काठी. सापाला कळावं म्हणून रिकामा डबा वाजवत चालायच्या. आमच्या घरापर्यंत आवाज यायचा. माझी बायको जिवनबाई म्हणायची, "निघाली बघा वाघीण."

अशी अकरा वर्षं. त्यांची दीड एकराची हळद बघायला माणसं वाट वाकडी करून यायची. पोरीचं शिक्षण त्या हळदीवर झालं, लग्न बी तिच्यावरच झालं. मोटार जळली की सकाळी माझ्या दुकानासमोर येऊन बसायच्या, चेहरा जागरणानं सुजलेला, पाय चिखलानं भरलेले. मी म्हणायचो, "वहिनी, लई तकलीफ हाय हो तुमाला." तर हसायच्या. "तकलीफ हाय की! पण रात्र माझी हाय, देविदासभाऊ. बटन कधी दाबू म्हणून कुणाला इचारावं लागत न्हाई." हे वाक्य मी निदान शंभरदा ऐकलं असंल. तवा त्याचं वजन मला कळलं न्हाई.

मागच्या वर्षी गायरानात सोलरच्या प्लेटा बसल्या. निळ्याशार, ओळीनं, नजर पोचंल तिथवर. त्या प्लेटांची लाईन आमच्या सबस्टेशनला जोडली अन् मृगाच्या तोंडाला गावात दवंडी झाली, आता शेतीची लाईन रोज दिवसा, नऊ ते पाच. रात्रीचं जाणं बंद. मी काय सांगू तुमाला, म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या सख्ख्या चुलत्याला रात्री दारं धरताना साप डसला होता. आनंद मला बी झाला, खोटं कशाला बोलू? कोळसा जळायचा न्हाई, धूर न्हाई, सूर्य काही बिल पाठवत न्हाई. सगळं खरं हाय. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली न्हाई, अन् ती माझ्याच हातानं लिहिलेली होती.

पावसाळाभर मोटारीची गरज पडली न्हाई. दसऱ्याच्या आसपास पाऊस उघडला तशा मंजुळाबाई दुकानात आल्या. म्हणल्या, "भाऊ, मोटार बघता का येऊन? दोन दिवस झाले, माझ्या टायमाला बटन दाबते, काहीच होत न्हाई."

"मोटारीला काय धाड भरली? वहिनी, आता रात्री लाईन येतच न्हाई. दवंडी ऐकली न्हाई का? सातीच्या साती दिवस दिवसाची."

"ते ऐकलं. बरं झालं म्हणलं. पण मग माझं पाणी?"

माझ्या हातात तार होती. ती मी खाली ठेवली. अरे देवा! सातीच्या साती दिवस व्यंकटरावांचे. अन् रात्र मंजुळाबाईंची, पिढ्यान्पिढ्या.

मी त्यांना घेऊन लगोलग व्यंकटरावांकडं गेलो. मला वाटलं, घरातली गोष्ट हाय, दोन मिनिटांत मिटंल. व्यंकटराव बाजेवर बसलेले. त्यांच्या बायकोनं, मालनबाईनं, चहा ठेवला. मी म्हणलं, "तात्या, लाईन बदलली तशी पाळी बदलली पाहिजे. निम्मे दिवस वहिनीला द्या."

त्यांनी काय केलं, आत जाऊन पेटीतून तोच बॉण्ड आणला अन् माझ्या पुढं धरला. "वाच."

"मला पाठ हाय."

"मग? अकरा वर्षं तिच्या पाळीत मी बटनाला बोट लावलं का? रात्रीच्या होल्टेजचा फायदा तिला झाला, त्यात मी वाटा मागितला का? न्हाई मागितला. आता सरकारनं दिवस वाढवले, त्याला मी काय करू? रोज लाईन म्हणून मी औंदा चार एकर हळद केली देविदास. ती वाळवू का?"

माणूस लबाड न्हाई हो तो. लबाड असता तर मी चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. त्यांची चार एकर बी खरीच होती. विहिरीला झरे तेवढेच. दिवसभर त्यांच्या रानासाठी मोटार चालली की संध्याकाळी तळ दिसायचा. मंजुळाबाई खांद्यावर पदर घेऊन दाराशी उभ्या होत्या. निघताना व्यंकटराव मला म्हणले, "कागद तुझाच हाय." मी चहा तसाच ठेवून आलो.

मग सुरू झालं हेलपाटे घालणं. मंजुळाबाईंना घेऊन वसमतला वीज कंपनीच्या हापिसात गेलो. म्हणलं, बाईला वेगळा सोलर पंप द्या, स्वतःच्या प्लेटा, स्वतःची मोटार. टेबलामागचा साहेब चांगला होता, त्यानं सारा अर्ज वाचला. म्हणला, "या विहिरीवर आधीच विजेचं कनेक्शन हाय. त्या विहिरीवर सोलर बसत न्हाई. कनेक्शन सोडून द्या, मग बसंल. पण ते सासऱ्याच्या नावावर हाय, म्हणजे दिराची सही लागंल. विहीर सामायिक, तिथं बी दिराची सही लागंल." दिराची सही! दीर सही देता तर आमी वसमतला काहून आलो असतो?

मी चिडून म्हणलं, "साहेब, समजा सही आणली. तो पंप रात्री चालंल का?"

तो हसला. "सोलर रात्री कसा चालंल?"

"मग दिवसाचं पाणी कागदावर दिराचं हाय. तुमचा पंप बसवून बाईनं काय त्याची पूजा करायची?"

मंजुळाबाईंनी माझी बाही ओढली अन् मला बाहेर आणलं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत. एसटीच्या थांब्यावर त्या म्हणल्या, "भाऊ, बॅटरी असती ना गाडीत. दिवसाची लाईन तिच्यात भरून ठेवायची अन् रात्री मोटार चालवायची. तुमाला जमंल का?" मला कौतुक वाटलं बाईच्या डोक्याचं. मोठमोठे इंजिनेर ज्यावर अडलेत तिथंच ही बाई चालत चालत पोचली. मी दुकानाशेजारच्या गॅरेजमधून ऑटोच्या जुन्या चार बॅटऱ्या आणल्या, त्यावर बारकी मोटार लावून बघितली. अर्ध्या घंट्यात मोटार गप्प. तेवढ्यात तीन सऱ्या भिजल्या. पाच हॉर्सपॉवर रातभर ओढायची तर बॅटऱ्यांची खोलीच बांधावी लागली असती, अन् दोन-तीन वर्षांत त्या बॅटऱ्या भंगारात. नव्या बॅटऱ्यांच्या किमतीपुढं दीड एकर हळदीचं काय चालतंय!

दिवाळी गेली. हळदीला याच टायमाला पाणी पाहिजे, जमिनीत कंद पोसत असतो. मंजुळाबाईंच्या हळदीची पानं गुंडाळून राहिली होती, शेंडे करपले होते. बांधापलीकडं व्यंकटरावांची हळद हिरवीगार. मग बाईंनी पुसेगावच्या पाहुण्याचं जुनं डिझेल इंजिन आणलं. ऐका, गायरानात सूर्याच्या प्लेटा चमकून राहिल्या, अन् त्यांच्यामुळं इकडं एक बाई डिझेल जाळून राहिली! इंजिन सुरू करायला हँडल मारावं लागतं, ते एकट्या माणसाचं काम न्हाई. तिसऱ्या खेपेला हँडल उलटं आलं अन् मंजुळाबाईंच्या मनगटावर बसलं. हात सुजला. एवढं करून विहिरीत पाणी किती? दिवसभराच्या उपशानंतर झऱ्यानं रात्रीतून जमंल तेवढं. डिझेल जास्त अन् पाणी कमी. इंजिन पाहुण्याकडं परत गेलं.

प्रियंकाचा फोन यायचा, "आई, रान मोठ्या बाबांना बटईनं दे अन् माझ्याकडं ये." मोठे बाबा म्हणजे व्यंकटराव. मंजुळाबाई फोनवर 'बघू' म्हणायच्या. मला म्हणायच्या, "एकदा रान दुसऱ्याच्या हातात गेलं की आपण बांधावरचे पाहुणे, देविदासभाऊ. मी त्या घरात नुसती भाकरी खायला जाऊ का?"

अशात सबस्टेशनवर दिवसाच्या लाईनीचा मोठा कार्यक्रम ठरला. मांडव, खुर्च्या, हिंगोलीहून साहेब लोक येणार. जिनं वर्षानुवर्षं रात्री दारं धरली अशा एखाद्या बाईचा सत्कार करायचा, तिनं दोन शब्द बोलायचे, असं कुणाच्या तरी डोक्यातून निघालं. अन् कुरुंद्यात अशी बाई एकच. मला वाटलं त्या जायच्या न्हाईत. गेल्या. सुजल्या हाताला पदर गुंडाळून स्टेजवर बसल्या. शाल झाली, नारळ झाला, टाळ्या झाल्या. सूत्रसंचालन करणारा म्हणला, "आता आपल्या मंजुळाताई सांगतील, रात्रीच्या जाचातून सुटका झाल्यावर कसं वाटून राहिलं."

मंजुळाबाई माईकपुढं उभ्या राहिल्या. म्हणल्या, "साहेब, दिवसाची लाईन आली, लई चांगलं झालं. कुणाचं लेकरू आता साप डसून मरायचं न्हाई. मला तेवढी माझी रात्र माघारी द्या."

लोक हसले. त्यांना वाटलं बाई घाबरून काहीतरीच बोलली. मी नव्हतो हसलो. मंजुळाबाई थांबल्या अन् हसणं संपल्यावर म्हणल्या, "माझ्या वाट्याला रात्रीचं पाणी हाय. कागद हाय तसा. रात्रीची लाईन गेली, माझं पाणी गेलं. दीड एकर हळद उभी वाळून राहिली. मला शाल नको." शाल त्यांनी घडी करून खुर्चीवर ठेवली. 

एक साहेब खाली उतरून आले, खरंच कळवळून बोलले. "ताई, रात्री सूर्य नसतो. रात्री लाईन द्यायची तर मोठ्या बॅटऱ्या लागतात, ते अजून परवडत न्हाई. एका विहिरीसाठी टाइमटेबल बदलता येत न्हाई हो." मंजुळाबाई म्हणल्या, "व्हय, देविदासभाऊंनी सांगितलं मला." बाईंना सगळं कळलेलं होतं. तिसऱ्या रांगेत व्यंकटराव खाली मान घालून बसले होते. सारं गाव त्यांच्याकडं बघत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टार्टर दुरुस्त करायला विहिरीवर होतो. व्यंकटराव आले, मंजुळाबाई बी रानात होत्या. त्यांच्याकडं न बघताच व्यंकटराव म्हणले, "सोमवार तू घे. फक्त आदल्या दिवशी संध्याकाळी विचारत जा. माझ्या अर्ध्या सऱ्या भिजायच्या राहिल्या असल्या तर मोटार मधीच तोडता येत न्हाई."

मी उडालो. म्हणलं, "तात्या, लई बेस! बॉण्ड आणतो, आत्ताच लिहून घेऊ."

व्यंकटराव माझ्याकडं बघून म्हणले, "पुन्हा कागद? एका कागदानं काय केलं ते बघितलंस ना? घरातल्या घरात तोंडी बरं असतं."

मी पुन्हा स्टार्टरचे नट आवळायला लागलो.  मंजुळाबाई म्हणल्या, "बरं भाऊजी." हळद वाळून राहिली होती. न्हाई म्हणायची त्यांना सोयच नव्हती.

तवापासून दर रविवारी संध्याकाळी, डोक्यावर पदर नीट घेऊन, मंजुळाबाई थोरल्या दिराच्या अंगणात उभ्या राहतात. "भाऊजी, उद्या घेऊ का पाणी?" ते म्हणतात, "घे." कधी म्हणतात, "उद्या राहू दे, लसणाला द्यायचंय, पुढच्या सोमवारी बघू." मालनबाई बसा म्हणती, चहा देती. कुणी वंगाळ बोलत न्हाई, अन् त्याचाच मला लई राग येतो. भांडण असतं तर भांडता तरी आलं असतं. निम्मी हळद वाचली. निम्मी जागेवरच वाळून गेली.

परवाची गोष्ट. सोमवार होता. मी त्या बाजूनं चाललो होतो, दुपारचे दोन वाजले असतील. बघतो तर मंजुळाबाई विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलेल्या. स्टार्टरच्या पेटीतला लाल दिवा लागलेला, म्हणजे लाईन होती. विहीर तुडुंब. वर ऊन असं लख्ख की गायरानातल्या प्लेटांकडं बघवत नव्हतं. अन् मोटार बंद.

"काहून बसल्या वहिनी? मोटार जळाली का?"

"न्हाई. चांगली हाय."

"मग लावा की! दोन वाजले."

"इचारलं न्हाई. भाऊजी काल सकाळीच लग्नाला गेले, पुसेगावला. मालनबाई बी गेल्या. फोन लागत न्हाई."

माझं टाळकं सटकलं. म्हणलं, "अहो, सोमवार तुमचा हाय! अकरा वर्षं अंधारात एकट्यानं मोटार चालवली तुमी, अन् आता भरदुपारी बटन दाबायला भ्यायला लागलात?" मी पेटीकडं गेलो, हात वर केला. त्यांनी उठून माझं मनगट धरलं. हँडल बसलेल्याच हातानं धरलं.

"नका लावू भाऊ. आज तुमी लावून जाल. पुढच्या रविवारी त्यांनी न्हाई म्हणलं तर मी काय दाखवू? माझ्याजवळ काय हाय? कागदावर तर माझी रात्रच हाय."

मी हात खाली घेतला. दुकान उघडं टाकून आलो होतो, तरी तिथंच बसलो. आमी दोघं पाणी बघत बसलो. झरे मोकळे वाहत होते, विहीर भरतच होती. हळदीचा पाला बाजूलाच खुळखुळत होता. मंजुळाबाई मधीच म्हणल्या, "अंधाराचं लई भ्या वाटायचं हो मला. कुणाला सांगितलं न्हाई कधी. पण विहिरीवर आले की जायचं ते भ्या."

पाच वाजता लाल दिवा विझला. मंजुळाबाई उठल्या, लुगड्याची माती झटकली, पदर डोक्यावर घेतला, अन् व्यंकटराव लग्नाहून आले का ते बघायला त्यांच्या घराकडं निघाल्या.